हलायचं नाही

निहार भित्रा आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी इंजेक्शन म्हटलं की तो डॉक्टरांच्या टेबलाखाली जाऊन बसायचा, आणि कुत्रं दिसलं की शाळेचा रस्ता बदलायचा. माझ्या मामेबहिणीचा, सरलाचा, हा एकुलता एक मुलगा. तो नाशिकहून जर्मनीत हायडेलबर्गला शिकायला आला तेव्हा सरलाने मला फोनवर बजावलं, की नीलिमा, तू तिथे आहेस म्हणून धाडतेय हो. मी इथे एका संशोधन संस्थेत बरीच वर्षं आहे. लोकांची पोरं सांभाळायची मला हौस नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं, आणि स्टेशनवर त्याला घ्यायला गेलेच.

इथे राहायला खोली मिळणं म्हणजे दिव्य. निहारने कितीतरी मुलाखती दिल्या, सगळीकडून गोड नकार आले. शेवटी टेकडीच्या उतारावरच्या एका जुन्या बंगल्यात त्याला जागा मिळाली. फक्त मुलगे, भाडं माफक, खिडकीतून नदी. मी पत्ता ऐकला आणि माझ्या कपाळाला आठी पडली. ती फेरबिंडुंग होती, विद्यार्थ्यांची जुनी बंधुसंघटना. रंगीत पट्टे, टोप्या, बिअर, गाणी आणि तलवारी. मी त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, अगं मावशी, हॉस्टेलच आहे ते.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही बरं वाटलं. तोवर हा पोरगा युनिव्हर्सिटीच्या मेन्सात, म्हणजे खानावळीत, एकटा बसून जेवत होता. बंगल्यात सगळे एका टेबलाशी जेवत. त्याचं जर्मन सुधारलं. नव्या मुलाला तिथे फुक्स म्हणतात, म्हणजे कोल्हा, आणि प्रत्येक फुक्सने एक थोरला भाऊ निवडायचा असतो. निहारने यानला निवडलं. यान कायद्याचा विद्यार्थी, उंच, अबोल, गालावर जुना व्रण. निहारला ताप आला तेव्हा यानने सूप करून दिलं आणि रात्र त्याच्या उशाशी बसून काढली. एवढं झाल्यावर पोरगा पाघळला नसता तरच नवल. त्याने संघटनेत रीतसर प्रवेश घेतला.

सकाळी तळघरात तलवारीचा सराव असे, डोक्यावर जाळीचं शिरस्त्राण घालून. निहारचे बाबा सुधीरराव हे ऐकून इतके फुगले, की सोसायटीत भेटेल त्याला सांगत सुटले. मग दसरा आला. सरलाने व्हिडिओ कॉलवर विचारलं, शस्त्र आहे ना तिथे? मग पूजा कर. निहार आईचा शब्द मोडत नाही. माझ्याकडून हळदकुंकू घेऊन गेला, आणि झेंडू न मिळाल्यामुळे कुणाच्या तरी गॅलरीतली पिवळी फुलं तोडून त्याने तलवारीला वाहिली. ती जर्मन मुलं रांगेत उभी राहून बघत होती. यानने तर कपाळाला कुंकू लावून घेतलं. तिथे आलेल्या एका म्हाताऱ्या सभासदाचे डोळे म्हणे भरून आले. त्यांना वाटलं, हा मुलगा तलवारीपुढे शपथ घेतोय. आपलं पोर आईच्या धाकाने फुलं वाहतंय, आणि यांना घरबसल्या योद्धा सापडला. त्या सत्राच्या मेन्झूर, म्हणजे तलवारीचे सामने, ठरले तेव्हा सगळ्यांत आधी निहारचं नाव घातलं गेलं.

मेन्झूर म्हणजे काय, हे त्याला तोवर नीट कळलेलंच नव्हतं. दुसऱ्या एका बंगल्यात ती बघायला नेलं, आणि तिथून तो थेट माझ्या स्वयंपाकघरात आला. मी पोहे केले होते. त्याने बशीला हातही लावला नाही.

जे पाहिलं ते त्याने तुकड्यातुकड्यांत सांगितलं. शिरस्त्राण नाही. डोळ्यांवर आणि नाकावर लोखंडी पट्टी, गळा आणि हात जाड गुंडाळलेले, आणि गाल, कपाळ, डोकं सगळं उघडं. पात्याला धार. दोघं हाताच्या अंतरावर समोरासमोर उभे राहतात आणि पाय जागचे हलवत नाहीत. कोणी जिंकत नाही, हरतही नाही. बघतात ते एकच, वार येताना डोकं मागे जातं का. गेलं की सामना थांबवतात, आणि सगळ्यांसमोर अब्रू जाते. मग पुन्हा उभं राहायचं, नाहीतर बंगला सोडायचा. जखम झाली तर डॉक्टर तिथेच टाके घालतो.

"मावशी, माझं डोकं मागे जाणार," तो म्हणाला. "मला माहितीये ना मी कसा आहे."

मी म्हटलं, मग आजच सामान उचल आणि इकडे ये. यात अब्रू जाण्यासारखं काय आहे? तो उठून खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, तिथून निघालो तर मला इथे कोण आहे? मी चिडले. मी काय मेलेय? त्यावर तो इतकंच म्हणाला, की तू आहेस गं, पण तू मावशी आहेस. मला राग आला आणि वाईटही वाटलं, कारण त्याचं बरोबर होतं.

नंतरचे दिवस भयंकर गेले. पोराचं अन्न तुटलं. बोलता बोलता हात आपोआप गालाकडे जायचा. ट्रामचं दार आपटलं तरी दचकायचा, आणि दचकल्याबद्दल स्वतःवरच खेकसायचा. एकदा मला म्हणाला, वर्तमानपत्राची गुंडाळी करून माझ्या तोंडावर मार, मला सराव हवाय. मी मारली. त्याने डोळे घट्ट मिटून मान मागे ओढली, तशीच, जशी तो सुई बघून ओढायचा. त्याने पुन्हा मार म्हटलं तेव्हा मी ती गुंडाळी कचऱ्यात टाकली. मला रडू येत होतं. नाशिकला त्याने यातलं अक्षरही कळू दिलं नव्हतं.

मेन्झूर शनिवारी सकाळी होती. बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, बायकांना तर नाहीच. मी बंगल्याखालच्या रस्त्यावर गाडी लावून बसले. वरून आधी कुणाचा तरी हुकूम ऐकू यायचा, मग लोखंडावर लोखंड, मग शांतता. पुन्हा हुकूम. देवाधर्माचं मला फारसं नाही, तरी हात जोडले गेले. प्रत्येक शांततेत मला वाटायचं, संपलं, पडला.

तो बाहेर आला तेव्हा कानशिलापासून गालापर्यंत पट्टी होती आणि कॉलरवर रक्त. दारातली मुलं त्याच्या पाठीवर थापा मारत होती. तो गाडीत येऊन बसला.

"मी हललो नाही, मावशी."

शाबास म्हणावं की थोबाडीत मारावी, मला कळेना.

"तसं नाही गं. मला हलताच येत नव्हतं. पहिला वार आला आणि मी गोठलो. मान, पाय, काहीच माझं नव्हतं. आणि ते म्हणतायत, इतका शांत फुक्स कधी पाहिला नाही." तो हसायला गेला आणि टाके ओढले गेल्याने कळवळला.

तेवढ्यात सरलाचा व्हिडिओ कॉल आला. मी म्हटलं उचलू नकोस. सायकलवरून पडलास असं सांगू. त्याने उचलला. सरलाने पट्टी पाहिली. त्याने काय घडलं ते दोन वाक्यांत सांगून टाकलं. मला वाटलं, आता ही घर डोक्यावर घेणार. पण तिने हळूच विचारलं, "घाबरला होतास का रे?"

"हो आई. खूप."

आणि तो रडायला लागला. सरलाने त्याला मनसोक्त रडू दिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

फोन ठेवला तोवर यान फाटकाशी आला होता. त्याच्या हातात रुंद पट्टा होता, पुऱ्या सभासदाचा. वर सगळे वाट बघतायत, तो म्हणाला, चल. निहारला हेच तर हवं होतं. तो गाडीतून उतरला, डोळे पुसले, आणि जर्मनमध्ये सरळ सांगितलं, की मी शांत नव्हतो, मी भीतीने मरत होतो.

यानने वरच्या खिडक्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मलाही भीती वाटली होती. दर वेळी वाटते," तो म्हणाला. "पण हे वर बोलायचं नाही."

निहार त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने यानला घट्ट मिठी मारली, सख्ख्या भावाला मारावी तशी, आणि परत येऊन गाडीत बसला.

"चल, मावशी."

मी गाडी सुरू केली. यान पट्टा हातात घेऊन फाटकाशीच उभा होता. वरून त्याला हाका येत होत्या, आणि तो जात नव्हता.