नळी सरळ करणारी डोरीन

वेस्कॉट फॉल्सच्या बंदुकीच्या कारखान्यात डोरीन मालेक एकतीस वर्षं नळ्या सरळ करत होती. भोक पाडताना नळी केसभर तरी वाकतेच. डोरीन ती खिडकीकडे धरायची, एक डोळा मिटून आत बघायची. आत उजेडाची रेघ दिसते. रेघ मोडलेली दिसली की नळी दाबयंत्रात घालून चाक जरासं फिरवायचं, पुन्हा बघायचं. मी शेजारी पॅकिंगला होतो. तिच्याकडे शिकायला आलेले किती तरी जण महिन्याभरात डोकं धरून उठलेले पाहिले.

"मला तर काहीच वाकडं दिसत नाही," एकजण वैतागून म्हणाला.

"तुझी बायकोही लग्नाआधी तुझ्याबद्दल हेच म्हणायची," डोरीन म्हणाली.

तिची धाकटी बहीण पॉलेट गावातल्या शाळेत चौथीला शिकवायची. वडिलांनी ठेवलेल्या जोडघरात दोघी भिंतीला भिंत लावून राहायच्या. दोघींनीही लग्न केलं नव्हतं. वडीलही आमच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले.

मग दूरच्या एका राज्यात कुणीतरी शाळेत शिरून मुलांना गोळ्या घातल्या. ज्या जातीच्या रायफलीने घातल्या, तशी रायफल आम्हीही बनवत होतो. आमच्या राज्याने तिच्या विक्रीवर बंदी आणायची ठरवली, आणि बंदीच्या बाजूने शिक्षकांनी जे पत्र काढलं त्यावर पॉलेटने सही केली.

"डोरी, माझ्या वर्गात चोवीस मुलं आहेत," ती म्हणाली. "दिवे बंद करून बाकाखाली गप्प कसं बसायचं, ते मी त्यांना शिकवते."

"त्यातल्या अकरा जणांचे आईबाप माझ्याबरोबर काम करतात. ते काय खातील, तेही शिकव."

कंपनीने बसगाड्या ठरवून आम्हाला राजधानीत, ऑल्बनीला नेलं. आम्ही फलक धरून बर्फात उभे राहिलो. डोरीन सगळ्यात पुढे. कायदा झालाच. वर्षभराने आमचे साहेब प्रेंटिस जेवणाच्या खोलीत आले आणि त्यांनी कागद वाचून दाखवला: कारखाना अलाबामाला चालला. "या राज्याला आपण नको आहोत," ते म्हणाले. मग कागदाची घडी करून ते एकेकाचा हात हातात घेत फिरले.

त्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये नेहमीसारखं तळलेल्या माशांचं जेवण होतं. कोबीची कोशिंबीर वाढायला पॉलेट उभी होती. रांगेतली डोरीन तिच्यासमोर आली, थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लोकहो, बघून घ्या. तुमच्या तोंडचा घास काढणारी हीच. आणि वर हीच वाढतेय."

एका टेबलावरून टाळ्या सुरू झाल्या. मीही वाजवल्या.

पॉलेटने चमचा खाली ठेवला, ॲप्रन सोडला आणि ती निघून गेली. पुढच्या दोन महिन्यांत तिच्या गाडीवर कुणीतरी खिळ्याने शिवी कोरली, आणि तिच्या वर्गातली सहा मुलं दुसऱ्या वर्गात गेली. जूनमध्ये तिने चार तासांवरच्या ईरी शहरात नोकरी धरली. डोरीन कामावर असताना तिने सामान हलवलं.

त्याच उन्हाळ्यात कंपनीने डोरीनला सहा आठवड्यांसाठी अलाबामाला पाठवलं, नव्या माणसांना शिकवायला. तिने नकार द्यावा असं मला वाटत होतं. "कुणाला तरी हे काम आलंच पाहिजे ना," ती म्हणाली.

तिच्या हाताखाली लॅव्हर्न नावाची पन्नाशीची बाई होती, आधी कोंबड्या कापायच्या कारखान्यात काम केलेली. नजर चांगली होती तिची. एकदा डबा खाताना लॅव्हर्न म्हणाली, "मिस डोरीन, ही सगळी जागा पाइनचं रान होती. माझ्याच नवऱ्याने बुलडोझर चालवून साफ केली. बंदुकीचा कारखाना येणार म्हणून तेव्हाच सांगितलं होतं."

"कधी?"

"नातीच्या जन्माच्या वेळी. आता तीन पुरी होतील तिला."

कायद्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

प्रेंटिसही आता अलाबामातच बसत; डोरीन तडक त्यांच्या खोलीत गेली. त्यांनी नाकारलं नाही. दार लावून घेतलं आणि थकल्यासारखं बोलले. "इथे युनियन नाही, डोरीन. जमीन फुकट, दहा वर्षं कर माफ. मजुरी तुमच्या निम्मी. कायदा नसता तरी आलोच असतो. कायद्यामुळे सांगायला बरं पडलं, एवढंच."

"मग आम्हाला बर्फात कशाला उभं केलंत?"

"इथल्या लोकांनी, आपल्या गिऱ्हाइकांनी, ते टीव्हीवर पाहिलं. त्यांना आपण आवडलो."

उरलेले दोन आठवडे तिने लॅव्हर्नला नीट शिकवलं. ते का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

ती परत आली तोवर इथला कारखाना बंद होऊन लोक पांगले होते; मग ती ईरीला गेली. पॉलेटने दार उघडलं, पण ती उंबऱ्यातच उभी राहिली. डोरीनने सगळं सांगितलं.

"हे मला घरात येऊन सांगायचंय तुला," शेवटी पॉलेट म्हणाली. "ते मात्र हॉलमध्ये म्हणाली होतीस. मग हेही तिथेच सांग."

"हॉल बंद झाला, पॉली. माणसंच उरली नाहीत."

"मग मी काय करू?" पॉलेट म्हणाली. ती रागावलेली नव्हती, असं डोरीन सांगते. रागावली असती तर बरं झालं असतं. दार हळूच लागलं.

तरी डोरीनने प्रयत्न केला. कोपऱ्यावरच्या खानावळीत आम्ही उरलेले नऊ-दहा जण सकाळी कॉफीला जमायचो. तिथे उभं राहून तिने लॅव्हर्नचं सांगितलं, प्रेंटिसचं सांगितलं.

"बहिणीने शिकवून पाठवलेली दिसतेय," एकजण म्हणाला. दुसऱ्याने विचारलं, "आणि तिकडच्यांना काम शिकवायला कोण गेलं होतं गं? आम्ही?"

डोरीनने माझ्याकडे पाहिलं. तिच्यावर माझा विश्वास होता. पण मी कपाकडे बघत राहिलो. तिथल्या प्रत्येकाला तो कायदा हवा होता. तो नसता तर रागावायचं कुणावर?

आता ती हायवेवरच्या गोदामात औषधांची खोकी तपासते. जोडघराचा दुसरा भाग रिकामाच आहे. भाड्याने दे म्हणून मी दोनदा सुचवलं, ती ऐकून घेते आणि विषय बदलते. कारखान्याच्या खिडक्यांना कंपनीने जाताना फळ्या ठोकल्या. अलाबामातही आता नळ्या यंत्रच तपासतं. लॅव्हर्न कोंबड्यांच्या कारखान्यात परत गेली, असं तिने डोरीनला नाताळच्या पत्रात लिहिलं होतं.