डांबर त्याइचं, माती आपली

मागून मोटारीचा आवाज आला की सांबारवाले काका सायकलवरून उतरत. हँडल धरून डांबर सोडत, कडेच्या मातीत उभे राहत आणि गाडी गेली की पुन्हा टांग टाकत. मळ्यातून बोरगाव मेघेला आमच्या किराणा दुकानापर्यंत येईतो असं पंधरावीस वेळा होई.

"काका, सायकल चालवता का फिरवायले आणता?" मी विचारायचो.

"डांबर त्याइचं, माती आपली," ते म्हणत. "दोन मिनिटं उशीर झाला त तुह्यं गिऱ्हाईक पळून जाते का?"

सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. वजन वाढवायला काका ती कधी भिजवत नसत. "पाणी पाजलं त सांजपर्यंत सडते. मंग बाई मलेच शिव्या देते."

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात एका सकाळी आमच्या दुकानापुढच्या वळणावर जीपने त्यांना उडवलं. ते जागीच गेले. जीप ओळखीच्या धान्य व्यापाऱ्याचा मुलगा चालवत होता. त्या घराशी आमचं दिवाळीचं जाणंयेणं. पंच म्हणून मला बोलावलं. सायकल डांबरापासून चार पावलं दूर, मातीत पडली होती. जीपच्या चाकांच्या खुणाही मातीतच होत्या. जमादाराने लिहिलं, सायकलस्वार अचानक रस्त्याच्या मधोमध आला.

"सायकल त मातीत हाये," मी म्हणालो.

"सायकलवाल्याइचं असंच राह्यते. पोराची जिंदगी काऊन खराब करता? करा सही."

मी सही केली. मुलगा संध्याकाळी जामिनावर घरी आला. पुढे कोर्टातही मी कागदावरचंच सांगितलं आणि तो सुटला. काकू मागच्या बाकावर बसल्या होत्या.

दोन वर्षांनी त्याच वळणावर एका कापड व्यापाऱ्याच्या स्कूटरला ट्रकने धडक दिली. तेही गेले. त्या दिवशी टेप लावून रस्ता मोजला, फोटो काढले, माझा जबाब तीनदा घेतला. ट्रकवाल्याला शिक्षा झाली. जमादार तेच होते, पंच मीच.

तोवर काकू टोपलं डोक्यावर घेऊन सांबार विकू लागल्या होत्या. येत त्या डांबरावरून, अगदी मधून. हॉर्न वाजला तरी कडेला होत नसत. एकदा न राहवून मी म्हणालो, "काकू, बाजूनं चालत जा न."

त्यांनी काउंटरवर जुडी ठेवली. काकांच्यासारखीच, कोरडी.

"कागदावर त आमी मधातच असतो, बापू. मंग मातीतून काऊन चालू?"

काकूही आता नाहीत. गल्ल्यावर बसलेलो असताना रस्त्यावरून मोटारीचा आवाज आला की मी उठून उभा राहतो, ती जाईपर्यंत.