बटाटे काढण्याचा समारंभ

आमचे हे बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांचं लक्ष माझ्या परसाकडे वळलं. नोकरीत असताना परसात विहीर आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं, तेही पंप बिघडला की. आता मोबाइलवर कुणाचं तरी बघून त्यांनी बटाटे लावायचं ठरवलं.

"आपल्या ह्या तांबड्या मातयेत कोण लावता बटाटे?" मी विचारलं.

"कोण लावणा नाय म्हणानच लावूचे," हे म्हणाले. "तुका काय कळता त्यातला."

लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या वाफ्यांत तांबडी भाजी, मुळा, वाली मी करते. ती कुठून येते हा प्रश्न जेवताना ह्यांना कधी पडला नव्हता. दिवाळी झाल्यावर त्यांनी माझे वाफे मोडले. कणकवलीच्या बाजारातून मोड आलेले बटाटे आणले, डोळा बघून तुकडे केले, राख चोळली आणि वरंब्यांवर पुरले. दुसऱ्या दिवशी कंबर धरली. मग पाणी, शेणखत, बुंध्याला माती ओढणं हे सगळं माझ्याकडे आलं. ह्यांच्याकडे फोटो काढणं राहिलं.

पाला मात्र जोरात आला. नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी त्याचा फोटो जायचा आणि लोक अंगठे पाठवायचे. त्या अंगठ्यांनी हे इतके चढले की पाला पिवळा पडू लागताच त्यांनी बटाटे काढायचा समारंभच ठरवला. बँकेतले जुने सहकारी, शेजारची काकी आणि आमच्या मुलीचे सासू-सासरे, सगळ्यांना बोलावणं गेलं. व्याह्यांची घाटावर बटाट्याचीच शेती. हे ह्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांना आधी फोन केला.

व्याही आले ते बटाट्याचं पोतं घेऊन. "घरचे आहेत. म्हटलं, रिकाम्या हाताने कशाला जायचं," म्हणाले आणि पोतं पडवीत ठेवलं. ह्यांनी जाता जाता त्यावर आपला टॉवेल टाकला.

चहा होईपर्यंत ह्यांनी व्याह्यांना बटाटा कसा लावतात ते समजावून सांगितलं. व्याही मान हलवत राहिले. आपल्या मुलाच्या सासऱ्याचं बरंच ऐकून घ्यावं लागतं माणसाला.

मग सगळे परसात गेलो. ह्यांनी नवी टोपी घातली होती. पहिलं झाड उपटलं. मुळांना सुपारीएवढे बटाटे लटकत होते, तेही मोजकेच.

"ह्यां कडेचा झाड आसा," हे म्हणाले आणि मधलं उपटलं. मधल्याचीही तीच गत.

काकीने खाली वाकून एक हातात घेतला. "वैनी, हे लावचे की खावचे?" तिने मला अगदी सरळपणे विचारलं. कुणी हसलं नाही, आणि ह्यांना तेच जास्त लागलं. शेवटी एक सहकारी म्हणाले, "यांना बेबी पोटॅटो म्हणतात. मोठ्या हॉटेलात मुद्दाम मागवतात." ह्यांनी तो शब्द लगेच उचलला. पुढची सगळी झाडं त्यांनी मुद्दाम बेबी पोटॅटो लावल्याच्या थाटात उपटली. सगळे मिळून एक परडी भरली, तीसुद्धा तळाला पाला घालून.

मी ते सालीसकट उकडले, मोहरीची फोडणी दिली, वर ओलं खोबरं घातलं. पानात वाढताना हात आखडावा लागला.

"चव बघा," हे व्याह्यांना म्हणाले. "बाजारच्या बटाट्याला ही चव नाही. मी स्वतः पिकवलेत."

मी डाव घेऊन शेजारीच उभी होते. ह्यांच्या पानात भात वाढला, जरा जास्तच, म्हणजे तोंड तिकडे गुंतेल. बटाटे चवदार होते, हे मलाही मान्य. पण फोडणी माझी होती आणि पाणीही माझंच होतं.

निघताना विहीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोतं आणायला नको होतं. तुमच्या ह्यांना वाईट वाटलं असेल."

"आणा हो," मी म्हटलं. "पुढच्या वेळी दोन आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे एकटेच कुदळ घेऊन परसात खणत होते. टोपी नव्हती, मोबाइलही नव्हता. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात एक बटाटा होता, चांगला मुठीएवढा, पण कुदळीने मधोमध चिरलेला.

"ह्यो मातयेत रवलेलो," ते म्हणाले.

मला टोमणा मारायचा होता, आणि तो जिभेवर तयारही होता. पण त्यांच्या नखांत माती गेलेली दिसली. इतक्या वर्षांत प्रथमच. मी बटाटा धुऊन घेतला आणि कोलंबीच्या कढीत सोडला. दुपारी त्यातल्या फोडी त्यांच्याच पानात वाढल्या. जेवण झाल्यावर माझंही ताट त्यांनी विहिरीवर नेऊन घासलं. नीट निघालं नव्हतं, म्हणून मी पुन्हा घासलं.