व्हार्निशखालची तीन बोटं

उदगीरच्या धोंडप्पाला माणसं दिसतच नाहीत, लाकूड दिसतं. मुलगी बघायला गेला तेव्हाही तो जगदेवीकडे बघायचं सोडून ज्यावर ती बसली होती त्या पाटाकडे बघत होता. जगदेवी ही गोष्ट आजही पाहुण्यांना चहाबरोबर वाढते. रंग मारला की बाभळीचाही साग होतो म्हणून रंगाला तो हात लावत नाही. त्याचं काम व्हार्निशचं, आहे ते दाखवणारं. शेवटचा हात मारताना घरात फोडणी बंद, पंखा बंद, शिंकायचं असेल तर गल्लीत. घिरट्या घालणाऱ्या माशीलाही तो ‘अहो’ म्हणतो, चिडून नेमकी तिथंच बसू नये म्हणून.

शेजारच्या शरणम्माअव्वांनी करायला दिलेला सागवानी देव्हारा त्याने असाच जपला होता. परवा सोमवारी त्यात महादेव बसायचा होता. शेवटचा हात मारून धोंडप्पा ब्रश धुवायला मागे गेला आणि अव्वा सहज डोकावल्या. अव्वांकडे नवीन काही आलं, मग तो फ्रीज असो की नातवाची मोटारसायकल, त्यावर आधी विभूतीची तीन बोटं ओढली जात. इथंही ओढली. देव्हाऱ्याच्या कपाळपट्टीवर, ओल्या व्हार्निशवर. आणि समाधानाने निघून गेल्या.

धोंडप्पा परतला तो दारातच खाली बसला.

सकाळपर्यंत व्हार्निश वाळलं आणि पांढरे पट्टेही त्यात घट्ट बसले. पॉलिश पेपर हातात घेऊन तो नुसता उभा. पट्टे ठेवावेत तर आयुष्यभराचं नाव जातं. घासावेत तर विभूती पुसल्याचं पाप.

“घासा की,” जगदेवी म्हणाली. “माझ्या बापासमोर पाट न्याहाळताना भ्याला न्हाईत, आता का भिऊन राहिलात?”

“गप गं. इचार करून राहिलो.”

शेवटी त्याने पेपर ठेवला, ब्रश उचलला आणि पट्ट्यांवरूनच एक पातळ हात मारला. विभूती भिजून करडी पडली. गेली की काय! जगदेवीही गप्प झाली, हे त्या घरात पहिल्यांदाच घडलं. मग स्वच्छ पाण्याच्या तळाशी वाळू दिसावी तसे पट्टे आत, खोल दिसू लागले. कुठल्या रेषा अव्वांच्या बोटांच्या आणि कुठल्या सागाच्या, हे जन्मभर लाकूड न्याहाळलेल्या त्यालाही कळेना.

“माय गं,” एवढंच तो म्हणाला.

सोमवारी अव्वा आल्या. पट्ट्यांवरून बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत. बोटाला राखेचा कणही लागेना.

“आत कसं गेलं रे हे, धोंडप्पा?”

“मला बी न्हाई कळलं, अव्वा.”

माशीलाही बसू न देणारा धोंडप्पा बाजूला सरकला.

“अजून एकदा हात लावून बघा,” तो म्हणाला.