आशाताईंच्या वहीतला पहिला रुग्ण

ती घटना आठवली की मिशीला पीळ देणारा माझा हात आजही मध्येच थांबतो. मिशीही साधी नव्हती. तळोद्याच्या बाजारात मी नुसता खाकरलो तरी कोंबड्या अंडी द्यायच्या थांबत, असं आमच्या पोलीस ठाण्याचे हवालदार सांगत. थोडं वाढवून सांगत असतील.

खबर आणली एका जीपवाल्याने. "साहेब, पहाडवरनी एक बाईना फोटो मोबाइलमा फिरी ऱ्हायनात. ती आते मन्ही जीपमा बसत नही, पायी उतरस."

बाई म्हणजे सातपुड्यातल्या एका गावच्या आशा सेविका, सगळ्यांच्या आशाताई. लसी, बाळंतपणं, तापाच्या गोळ्या, सगळं त्यांच्यावर. नवरा गुजरातमध्ये मजुरीला. बाजारच्या दिवशी तळोद्यातून फक्त त्याला पाठवलेले खाजगी फोटो गावभर झाले होते. बाया दार लावून घेत. दोन गरोदर बायांनी तपासणी बंद केली. आठ दिवसांनी गावपंच बसणार होते, ताईंना गावात ठेवायचं की नाही ते ठरवायला.

आम्ही बोलावल्यावर नवराबायको ठाण्यात आले. महिला हवालदाराने ताईंची फिर्याद घेतली आणि मी नवऱ्याला वेगळं बसवलं. माझ्यासमोर दगडही जबाब देत. हा पठ्ठ्या दोन तास एकच वाक्य धरून बसला, "मी कुणाला दिले नाहीत, साहेब." मी त्याला जवळपास आरोपी करून टाकलं होतं.

तेवढ्यात ताई आत आल्या. "साहेब, तुमचं झालं का?"

"ताई, तपास पोलिसांचा असतो."

"तापाची साथ आली की समोर दिसेल त्याला मी धरत नाही. पहिला रुग्ण शोधते." आणि त्यांनी टेबलावर सर्वेक्षणाची वही ठेवली.

वर पहाडात रेंज नाही. तिथे फोटो जातो तो शेजारी बसलेल्याच्या मोबाइलमधून, समोरासमोर. त्यामुळे कुणी दिला ते प्रत्येकाला पक्कं ठाऊक. ठाण्यात येण्याआधी दार लावणाऱ्या त्याच घरांपुढे ही बाई दहा दिवस उभी राहिली. विचारत होती एकच, "तुला कुणाकडून आला?"

"आणि लोकांनी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगतील नाही तर काय! म्हटलं, उद्या तुमच्या लेकीचा याच वाटेने येईल."

वहीत तेवीस नावं, आणि प्रत्येकाला फोटो कुणाकडून आला ते दाखवणारे तेवीस बाण. सगळे बाण एका बाजारच्या दिवशी एका जीपच्या मागच्या बाकावर जात होते. त्या जीपमध्ये चाळीस माणसं आणि एक बोकड होता, शपथेवर सांगतो. बाकावरच्या माणसाला फोटो मिळाले होते तळोद्यातल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात.

मी नवऱ्याकडे वळलो. "तिथे मोबाइल दिला होतास?"

"हो, सुट्टीवर घरी आलो तेव्हा, काच बदलायला. दोन दिवस तिथेच होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही, साहेब."

खरंच विचारलं नव्हतं. दोन तास मी 'कुणाला दिलेस'च घोकत होतो.

मी त्या मोबाइलचं विचारलं तरी दुकानदार निवांत होता. "मन्हा काय संबंध शे? मी फक्त काच बदली."

"बरं. त्या मोबाइलचं आणखी काही आठवतं?"

"ते फोटो तं मी कधळच पुसी टाकात!"

फोटोंचा शब्द मी अजून काढलाच नव्हता. दोन साक्षीदारांसमोर संगणक जप्त झाला. सायबर कक्षाने पुसलेलं सगळं परत काढलं. त्यात आणखी सहा बायकांचे फोटो निघाले. ताईंची अट एकच होती, पुरुषाने फोटो उघडायचे नाहीत. ते काम महिला अधिकाऱ्याने केलं आणि पाकीट सीलबंद झालं. मी ते फोटो आजतागायत पाहिलेले नाहीत, आणि हे मात्र एक गुंजभरही वाढवून सांगत नाही. दुकानदाराला अटक झाली. फोटो पुढे पाठवणाऱ्यांनाही नोटिसा गेल्या. 'मी नुसता पुढे दिला' म्हणणाराही गुन्हेगारच असतो.

गावपंच बसले त्या दिवशी ताई वही घेऊन गेल्या आणि तेवीस नावं मोठ्याने वाचू लागल्या. नवव्या आणि चौदाव्या नावाला पंचांतलेच दोघे उठून गेले. बैठक तिथेच मोडली.

नोकरीभर मी गुन्हेगार शोधले. पण फिर्यादीलाच मान खाली घालायला लावणारी आमची नजरही साथ पसरवते, हे मला त्या वहीने शिकवलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी त्याच जीपवाल्याची जीप ठाण्यासमोर, रस्त्यात लावलेल्या माझ्या गाडीमागे थांबली. ताई पुढच्या सीटवर होत्या, मांडीवर लसींचा डबा. मागे तपासणी बंद केलेल्या त्याच दोन गरोदर बाया बसल्या होत्या. ताईंनी मला पाहून हाक मारली, "साहेब, यांना दवाखान्यात न्यायचंय. तुमची गाडी जरा बाजूला घ्या!"

घेतली. स्वतः चालवून घेतली.