दाजींचं मायाळू गाव

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात कुणालाही त्याच्या बोलण्यावरून ओळखलं नाही. माणूस बसमध्ये चढतो कसा आणि उतरतो कसा, एवढ्यावर त्यांनी अख्ख्या दोन जिल्ह्यांचा निकाल लावून ठेवला आहे, आणि त्यावर अपील करायची सोय कुठल्याच कोर्टात नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम जळकोट, नोकरी एसटीत कंडक्टरची, आणि त्या नोकरीतली बहुतेक वर्षं नांदेड-लातूर रस्त्यावर उभ्यानं काढलेली. दोन वर्षांपूर्वी ते रिटायर झाले. बस मात्र त्यांच्या अंगातून अजून उतरलेली नाही. घरी पाहुणे आले की "बसा" म्हणायच्या आधी "पुढं सरका, मागं जागा हाय" असं तोंडातून जातं. लग्नाच्या पंगतीत ते कधीच बसत नाहीत, ताट हातात घेऊन खांबाला टेकून जेवतात. बसून जेवलं की घास खाली उतरत नाही, अशी त्यांची तक्रार. अक्का सांगते, झोपेत कूस बदलली की भिंतीवर दोनदा टकटक करतात आणि मगच त्यांची झोप पुढच्या गावाला निघते.

रस्त्यावरच्या गावांना सरकारनं दिलेली नावं दाजींना पसंत नव्हती. त्यांनी आपली वेगळी ठेवली होती. दोन थांबे आधीच पिशव्या काखोटीला मारून दारात उभं राहणारं एक घाईचं गाव. बस जरा पुढं जाऊन थांबली तर जागचं हलणार नाही, उलट गाडीनंच मागं यावं म्हणून वाट पाहणारं एक रुसकं गाव. माझ्या चुलतबहिणीला चांगलं स्थळ आलं होतं, मुलगा शिकलेला, घरी बागाईत. सगळ्यांच्या मनात भरलं. दाजी म्हणाले, "खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारं गाव हाय ते. तिथं पोरगी द्यायची न्हाई." आणि दिली नाही. ती पुढे देगलूरला दिली, सुखात आहे, त्यामुळे दाजींचा भाव आमच्याकडे असा काही वधारला की नंतर म्हैस घ्यायची असली तरी कुठल्या गावची घ्यावी ते घरचे आधी त्यांना विचारायचे.

या सगळ्या गावांत त्यांचं लाडकं एकच. त्याचं नाव मायाळू गाव. संध्याकाळची गाडी तिथल्या फाट्यावर थांबली की उतरणाऱ्या प्रत्येक बाईसाठी कुणीतरी मोटारसायकल घेऊन उभं. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, कुणाचा सासरासुद्धा. एखादीचा माणूस यायला उशीर झाला तर दाजी गाडी हलू देत नसत. आतले प्रवासी ओरडायचे, ड्रायव्हर घड्याळ दाखवायचा, दाजी पायरीवर उभे. "लेकरू एकटं उभं हाय. माणूस येऊ द्या त्याचं." घरी येऊन डोळ्यांत पाणी आणून सांगायचे, "लई जीव लावणारे लोक. बाईमाणसाची इतकी फिकीर म्यां कुठं पाहिली न्हाई." त्याच्याच अलीकडे एक गाव होतं, तिथं घ्यायला कधी कुत्रंही फिरकायचं नाही. बाया उतरायच्या आणि आपापल्या चालू लागायच्या. त्याचं नाव कोरडं गाव. त्याचा थांबा आला की दाजींचा चेहराच आंबट व्हायचा.

या पारखीनं आम्हा सगळ्यांची करमणूक झाली, तोवर ठीक होतं. मग सुवर्णाचं घर शोधायची वेळ आली. सुवर्णा ही त्यांची एकुलती एक लेक, माझी भाची. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा तिच्या कडेवर तीन वर्षांची मुलगी होती आणि पिशवीत नर्सिंगचं सर्टिफिकेट. का सोडलं ते तिनं एकदाच सांगितलं, आणि ते ऐकल्यावर दाजी दोन दिवस जेवले नाहीत. नांदेडला एका दवाखान्यात तिला नोकरी लागली. जळकोटहून रोज येणं-जाणं होण्यासारखं नव्हतं. तीन महिने ती नांदेडातच माझ्याकडे राहिली. आमच्या दोन खोल्या, त्यात आम्ही पाच. माझ्या बायकोनं कधी तोंड वाकडं केलं नाही, पण पोरीला अंथरूण घालायला रोज जेवणाचा पाट उभा करून ठेवावा लागे, आणि ते सुवर्णाला दिसत होतं. "मामा, मी बगते काहीतरी" असं ती म्हणाली, तेव्हा "कशाला, राहा की" हे शब्द माझ्या तोंडून निघाले खरे, पण जरा उशिरा निघाले. तो उशीर मला अजून टोचतो.

शहरात खोली मिळेना. जी परवडेल ती द्यायला कुणी तयार नाही, आणि जे द्यायला तयार होते त्यांचं भाडं दिल्यावर हातात बसभाडंच उरलं असतं. घरमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला, कोण कोण राहणार? दाजी सांगायचे, लेक आणि नात. दुसराही ठरलेला, जावई काय करतात? पहिल्या दोन-तीन ठिकाणी दाजी खाली बघत राहिले. चौथ्या ठिकाणी मात्र मान वर करून म्हणाले, "जावई मागल्या स्टॉपला उतरले." मालक चहा प्यायचा थांबला. आम्ही निघालो. स्कूटरवर माझ्यामागं बसलेले दाजी वाटभर हसत होते असं मला वाटलं. पंपावर थांबलो तेव्हा कळलं, ते हसणं नव्हतं.

मग शहराबाहेर बघायचं ठरलं. दाजींनी अंतर किलोमीटरमध्ये कधी मोजलं नाही, ते तिकिटाच्या टप्प्यांत मोजायचे. नांदेडपासून चार टप्प्यांच्या आत, सकाळी आठच्या ड्युटीला पोचवणारी गाडी, संध्याकाळी परत आणणारी दुसरी, बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे खर्चही झेपणारा. दर रविवारी ते जळकोटहून येत आणि आम्ही फिरत असू. दोष काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एका घराला चांगला स्लॅब होता, पण तिथले लोक उतरताना मागच्या म्हातारीला हात देत नव्हते. दुसऱ्या गावात पाणी मुबलक, पण तिथली पोरं चालत्या गाडीला लटकायची. मी एकदा वैतागून म्हणालो, "दाजी, घर शोधायलोत का स्वर्ग?" ते शांतपणे म्हणाले, "एकदा चुकलो की मी. जावयाची गाडी पाहिली, जावई पाहिला न्हाई." मी स्कूटर पुढच्या गावाकडे वळवली.

शेवटी मायाळू गावातच खोल्या मिळाल्या, तेव्हा दाजींना आभाळ ठेंगणं झालं. दोन खोल्या, नळ आत, मालकीण गोड बोलणारी, भाडं बेतात. दाजी तिथल्या भिंतींकडे असे बघत होते जणू त्या त्यांनीच बांधल्या. उद्याच पैसे देऊन टाकू म्हणाले. सुवर्णा म्हणाली, "अप्पा, मी ज्या गाडीनं येणार त्याच गाडीनं आधी एकदा येऊन बगू."

म्हणून दुसऱ्या दिवशी तिची ड्युटी सुटल्यावर आम्ही तिघं संध्याकाळच्या बसनं आलो. फाट्यावर नेहमीसारख्या मोटारसायकली लागलेल्या. एकेक बाई उतरली, मागं बसली, गेली. दाजी मला कोपरानं ढोसत होते, पाहिलंस का, पाहिलंस का. एक कॉलेजची मुलगी तेवढी राहिली, तिचा भाऊ आला नव्हता. ती बसच्या पायरीला चिकटून उभी, आणि नवा कंडक्टरही दाजींसारखाच गाडी थांबवून. सुवर्णानं तिला विचारलं, "दीड किलोमीटर तर हाय. चालत कामून जात न्हाईस?"

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. "एकटीनं? ताई, इथून एकटं कुणीच जात न्हाई." मग तिनं हनुवटीनं रस्ता दाखवला. आधी वीटभट्ट्या, मग एक बार, मग दिवे नसलेला पट्टा. तेवढ्यात भाऊ आला आणि ती गेली. बसही गेली.

आम्ही तिघं फाट्यावर उरलो. सुवर्णा वडिलांवर आवाज चढवणाऱ्यातली नाही. ती हळूच म्हणाली, "अप्पा, इतकी वर्षं तुम्ही ज्याला माया समजलात, ते भ्यालेले लोक हाईत. मला कोण येणार घ्यायला?"

दाजींनी आयुष्यात गाडी कितीदा अडवून धरली असेल त्याचा हिशेब नाही. त्या त्या वेळी पायरीवर उभ्या मुलीच्या मनात काय होतं, हे आज त्यांना पहिल्यांदा कळलं असावं. ते मैलाच्या दगडावर बसले. स्कूटर सोडली तर मी त्यांना बाहेर कुठे बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. सुवर्णानं विचारलं, "तुमच्या गाडीतून कोणत्या गावच्या बाया एकट्या उतरायच्या?"

दाजींना ते नाव तोंडातून काढायला जड गेलं. "त्या कोरड्या गावच्या," ते म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी सुवर्णाच्या पोरीलाही बरोबर घेऊन तिथं उतरलो. आमच्याबरोबर डाळमिलमधून सुटलेल्या सात-आठ बाया उतरल्या, हातात रिकामे डबे, आणि मुकादमाला शिव्या देत, मोठमोठ्यानं हसत रस्त्याच्या मधून चालू लागल्या. कडेला किराणा दुकान उघडं, पुढं पिठाची गिरणी, वाटेत दोन म्हाताऱ्या ओट्यावर. गिरणी एका लिंगायत आजींची, त्यांच्याकडेच एक खोली आणि स्वयंपाकाला आडोसा होता. वर पत्रे. आजींनी जावयाचं विचारलं नाही. "पाणी सकाळी सहाला येतं, झोपलीस तर गेलं," एवढं सुवर्णाला सांगितलं, आणि मग नातीकडे बोट करून, "हिला दिवसा कुठं ठेवशील? गिरणीत बसवत जा." परतताना दाजी म्हणाले, "चहा बी इचारला न्हाई बाईनं." पण ते भाडं ठरवून आले होते.

पहिल्या आठवड्यात दाजींनी हट्ट धरला, रोज फाट्यावर येऊन उभा राहतो, जळकोटहून येईन, मला पास हाय. सुवर्णानं ऐकलं नाही. "तुम्ही आलात तर उद्या या बायांना बी वाटेल की घ्यायला माणूस लागतो," म्हणाली. दाजींनी मान हलवली. पण मंगळवारी नांदेडला काम निघालं असं सांगून ते आले, पुढच्या मंगळवारीही आले, आणि मला काय ते कळलं. मी संध्याकाळी स्कूटर काढून गेलो. दाजी फाट्याच्या पलीकडच्या चहाच्या टपरीमागं उभे होते, टोपी खाली ओढून.

बस आली. बाया उतरल्या, त्यांच्यात सुवर्णाही. कुणीतरी तिच्या हातातला डबा घेतला, कुणी काहीतरी विचारलं, ती हसली. चालता चालता तिनं केस सोडून पुन्हा बांधले. गिरणीपाशी तिची पोरगी पिठानं माखून धावत आली, आणि सगळ्या वळणावरून दिसेनाशा झाल्या.

"पाहिलंस?" दाजी म्हणाले. "उतरल्यावर कुणालाच शोधलं न्हाई तिनं." त्यांच्या आवाजात आनंद होता आणि आनंदापेक्षा आणखीही काही होतं. लेकीसाठी गाडी अडवून धरायची त्यांची केवढी तयारी होती, आणि आता त्याची गरजच उरली नव्हती. मी त्यांचा हात धरून रस्ता ओलांडून दिला. जळकोटला जाणारी गाडी आली तेव्हा दाजी गुमान चढले, मागच्या एका रिकाम्या बाकावर जाऊन खिडकीशी बसले आणि गाडी सुटेपर्यंत त्या वळणाकडे बघत राहिले.