छातीचा फोटो

केसरबाईला दुखण्यानं छळलं नसेल एवढं नवऱ्याच्या लाजेनं छळलं.

तिचं डावं थान पिकलं होतं. पोर अंगावर पिती. आधी गाठ आली, गाठीचं गळू झालं, अंगात ताप भरला. सासूनं, गिरजाबाईनं, जवसाचं पोटीस बांधलं. गळू फुटलं, वाहिलं, सुकलं आणि पुन्हा फुगलं. डावीकडचं दूध आटत चाललं होतं, आणि उजव्या बाजूला पोर ओढून ओढून रडायची. दूधच तुटलं तर हिला काय पाजू, ही एकच धास्ती केसरच्या जिवाला लागली होती.

नवरा देवराव माजरीच्या कोळशाच्या खाणीत कामाला. माणूस वाईट नव्हता. दर खेपेला भद्रावतीच्या डॉक्टरकडे न्यायचा, पण बायकोनं तोंड उघडायच्या आत आपणच बोलायचा, "साहेब, इच्या छातीत दुखते."

झालं! डॉक्टरनं पदरावरूनच नळी लावली, "कोळशाची धूळ," म्हणाला आणि खोकल्याचं लाल औषध दिलं. खोकला केसरला नव्हताच. पुढच्या खेपेला सुया टोचल्या. त्यानं ताप उतरला, गळू मात्र काही दिवसांत पुन्हा हजर. मग चंद्रपूरला जाऊन छातीचा फोटो काढला.

"छाती एकदम साफ आहे," डॉक्टर खुशीत म्हणाला.

"पाह्य, साफ हाय म्हणते," देवराव त्याहून खुशीत.

तोच फोटो दोघांच्या डोक्यात हाणावा असं केसरला वाटलं.

घरी आल्यावर ती कडाडली, "अजी, छाती काऊन म्हणता? थान म्हणा न!"

"परक्या माणसासमोर?"

"मागच्या साली शेळीचं थान सुजलं, तवा गावभर बोंबलत फिरले न तुमी!"

"ते शेळीचं होतं."

गिरजाबाई चुलीपासून म्हणाली, "बाईच्या जातीनं जरा दमानं घ्याव."

"मी दमानं घेतो, पोरगी उपाशी मरते," केसर म्हणाली.

पुढच्या खेपेला दवाखान्यात बाकं भरलेली होती. देवरावनं घसा खाकरला. "साहेब, इच्या छाती..."

"थान!" केसर ओरडली. "थान पिकलं माहं! पू येते त्याच्यातून! लेकरू उपाशी हाय, अन् तुमी मले खोकल्याचं औषध पाजून राह्यले!"

बाकांवरची माणसं भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली. डॉक्टरचा चेहरा उतरला.

"आधी का नाही सांगितलं बाई?"

"मले विचारलं कोणी?"

नर्सबाईला बोलावून डॉक्टरनं पडदा ओढला आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. चीर दिली, वाटीभर घाण काढली, आत वात ठेवली. उजवीकडे पाजत राहायचं, डावीकडचं पिळून काढायचं, जखम भरली की तिकडंही पोर लावायची, असं त्यानं सांगितलं. दूध तुटणार नव्हतं. केसर तिथंच हमसून रडली.

परतीच्या एसटीत खाणीतला लहानू भेटला. "जय भीम, देवरावभाऊ. वहिनीले काय झालं?"

"काई नाई गा, जरा छातीत..." म्हणता म्हणता देवरावनं बायकोकडं पाहिलं. तिच्या पदराआड पोर चुटुचुटु पीत होती.

"थान पिकलं होतं," तो पुटपुटला.

"काय?" लहानूनं कान पुढं केला.

"मोठ्यानं सांगा," केसर म्हणाली.